ट्रेड पॉलिसीचा अभ्यास कसा करायचा: कांदा निर्यातबंदी हातात घेऊन

इकॉनॉमिक्स शिकणारी बरीच पोरं-पोरी विचारतात की ट्रेड पॉलिसी रिसर्चमध्ये किंवा कन्सल्टिंगमध्ये यायचंय, सुरुवात कुठून करू, कुठलं मॉडेल शिकू, स्टाटा सॉफ्टवेअर घेऊ का आर. माझं उत्तर ठरलेलं आहे. मॉडेल नंतर बघू, आधी एक माल घ्या, त्या मालावरचा एक सरकारी निर्णय घ्या आणि त्या निर्णयाने कुणाच्या खिशातून किती गेले, कुणाच्या खिशात किती आले हे चार पानांत लिहून दाखवा, असं की तुमचा प्रत्येक आकडा दुसऱ्या कुणालाही तपासून बघता आला पाहिजे. हे जमलं की वर्ल्ड बँकेचा रिपोर्ट असो नाहीतर एखाद्या निर्यातदार संघटनेचं निवेदन, काम तेच असतं, फक्त पानं वाढतात.

मी इथे कांदा घेतोय कारण आपल्याकडे यासारखं उदाहरण नाही. सरकारने बंदी, शुल्क, किमान निर्यात मूल्य (याच्याखालच्या भावाला माल बाहेर पाठवता येत नाही), कोटा, बफर स्टॉक (सरकारी साठा) अशी जवळपास सगळी हत्यारं याच एका पिकावर दोन वर्षांत वापरली, डेटा फुकट मिळतो, आणि बाजार समिती एसटीने जाता येईल इतकी जवळ आहे.

आधी प्रश्न लहान करा

"कांदा निर्यातबंदीचे शेतकऱ्यांवरील परिणाम" हा विषय झाला, याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. प्रश्न असा पाहिजे: डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या बंदीत नाशिक जिल्ह्यात कांदा विकणाऱ्याला क्विंटलमागे किती कमी मिळाले आणि त्याच काळात मुंबईच्या ग्राहकाला किलोमागे किती स्वस्त पडला? यात माल आहे, तारीख आहे, माणूस आहे, युनिट आहे. प्रश्न एका वाक्यात बसत नसेल तर पुढचं काहीच सुरू करू नका, कारण मग डेटा गोळा करत बसाल आणि सहा महिन्यांनी हातात फक्त फाइली राहतील.

त्याच्याच खाली लिहा की हे वाचणार कोण आणि त्याच्या हातात काय आहे. निर्यातबंदी आणि किमान निर्यात मूल्य डीजीएफटी (विदेश व्यापार महासंचालनालय) काढतं, म्हणजे वाणिज्य मंत्रालय, १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली. निर्यात शुल्क मात्र अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडून येतं. आणि या दोघांवर भाव पाडायचं प्रेशर येतं ते ग्राहक व्यवहार विभागाकडून, ते रोजचे किरकोळ भाव बघत असतात. मग तुम्ही राज्याच्या पणन मंडळासाठी रिपोर्ट करताय आणि शिफारस लिहिता "निर्यात शुल्क रद्द करावे", तर ते बिचारे वाचून फाइलला लावतील, त्यांच्या हातात ते नाहीच. त्यांच्या हातात कांदा चाळीचं (कांदा साठवायच्या हवेशीर शेडचं) अनुदान आहे, पॅकहाऊस आहे, केंद्राला पाठवायचं पत्र आहे. शिफारस ज्याच्या टेबलावर जाणार त्याच्या अधिकारातली पाहिजे.

मग तारखांची पट्टी करा

बातम्यांवरून नाही, मूळ अधिसूचना उघडून. डीजीएफटीच्या आणि सीबीआयसीच्या (अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या) साइटवर सगळ्या पीडीएफ आहेत. कांद्याची पट्टी साधारण अशी होते: १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क. २९ ऑक्टोबरपासून टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी, आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत म्हणून आणि मग मार्चमध्ये पुढील आदेश येईपर्यंत. एप्रिलअखेर सहा देशांसाठी ९९,१५० टनांची परवानगी जाहीर. ४ मे २०२४ ला बंदी उठली पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क परत लागलं. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही शून्य.

ही पट्टी समोर लावली की दोन गोष्टी लगेच दिसतात. पहिली, "बंदी" म्हटलं तरी निर्यात शून्य नसते, या काळात सरकारने नॅशनल कोऑपरेटिव्ह एक्सपोर्ट्समार्फत बांगलादेश, यूएईला ठरावीक माल पाठवायला परवानगी दिली होती, त्यामुळे आकडा दिसला म्हणून डेटा चुकीचा समजू नका. दुसरी, हा एक धक्का नाही, वीस महिन्यांत सात वेळा नियम बदलला, आणि तुम्ही ज्या तारखेचा परिणाम मोजणार तिच्या आधी काही आठवड्यांवर दुसरा नियम बसलेला आहे. म्हणून "बंदीआधी" म्हणजे मुक्त बाजार असं समजून चालत नाही, आधी ८०० डॉलरची अट होतीच.

अधिसूचनेच्या खालचा बारीक मजकूर पण वाचा, वाटेतला माल सुटणार का, कस्टमच्या ताब्यात गेलेल्याचं काय, कुठली जात वगळली आहे. बंगलोर रोझ कांद्याला सप्टेंबर २०२३ मध्येच शुल्कातून वेगळी सूट मिळाली होती. हे माहीत नसेल तर कर्नाटकचे आकडे बघून गोंधळ होतो.

एचएस कोडवर एक दिवस घालवा

हे काम कुणाला आवडत नाही पण निम्मे रिपोर्ट इथेच बिघडतात. एचएस कोड म्हणजे सीमाशुल्कासाठी प्रत्येक मालाला दिलेला नंबर. जगभर पहिले सहा अंक सारखे असतात, पुढचे अंक प्रत्येक देश स्वतःचे लावतो, आपले एकूण आठ. ताजा कांदा ०७०३१० मध्ये, पण त्याच कोडमध्ये शॅलट (छोट्या कांद्याचा प्रकार) पण आहे. वाळवलेला कांदा, म्हणजे डिहायड्रेशनवाल्यांचा माल, तो ०७१२२० मध्ये, त्यावर बंदी नव्हती. दोन्ही बेरजेत घेतले तर बंदी कुचकामी ठरली असा निष्कर्ष निघेल. आणि चार अंकांवर थांबून ०७०३ घेतलं तर लसूण पण आत येतो. कोड दर पाचेक वर्षांनी बदलतात, २०२२ मध्ये बदललेत, तेव्हा लांबची सिरीज घेताना जुना-नवा कोड जुळवून घ्यायचा.

डेटा कुठे: वाणिज्य मंत्रालयाची ट्रेड डेटा बँक, मूळ आकडे कोलकात्याच्या डीजीसीआयएस या सरकारी आकडेवारी कार्यालयाकडचे. शेतमालासाठी अपेडा, म्हणजे केंद्राची शेतमाल निर्यात संस्था. जगाच्या बाजूने यूएन कॉमट्रेड, जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचा ट्रेड मॅप, वर्ल्ड बँकेचं विट्स. बाजार समितीचे भाव सरकारी साइट अ‍ॅगमार्कनेटवर. आणि एक जागा लोक विसरतात ती म्हणजे लोकसभा-राज्यसभेतल्या प्रश्नांची उत्तरं, खासदाराने कांद्याचा प्रश्न विचारला की मंत्रालय जोडपत्रात महिन्यागणिक, देशागणिक आकडे देतं, छापील आणि तारखेसकट, याच्यापेक्षा भक्कम आधार दुसरा मिळणार नाही.

दोन सवयी लावून घ्या. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, कॉमट्रेडचं जानेवारी ते डिसेंबर, हे दोन एका टेबलात कधीही नको. आणि भारताने दाखवलेली निर्यात व समोरच्या देशाने दाखवलेली आयात जुळत नाही म्हणून घाबरू नका, आपण एफओबी मोजतो म्हणजे बंदरापर्यंतचा भाव, ते सीआयएफ मोजतात, म्हणजे त्यात जहाजभाडं आणि विमा आला, शिवाय माल दुबईला उतरून तिथून पुढे जातो. फरक का आहे ते एका ओळीत लिहा आणि पुढे चला.

आकड्याला जमिनीवर आणा

आता कॅल्क्युलेटर घ्या. २०२२-२३ मध्ये भारताने साधारण २५.२५ लाख टन कांदा निर्यात केला, किंमत सुमारे ५६ कोटी डॉलर, रुपयांत साडेचार हजार कोटींच्या आसपास. भागाकार केला की टनाला साधारण २२२ डॉलर येतात, किलोला अठरा रुपये. आणि किमान निर्यात मूल्य किती लावलं? ८०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या रुपयाने किलोला ६७ रुपयांच्या आसपास. आदल्या वर्षीच्या सरासरीच्या साडेतीनपट. ऑक्टोबर २०२३ मध्ये भाव चढलेले होते हे खरं, त्यामुळे तुलना त्या महिन्याच्या युनिट व्हॅल्यूशी (टनामागच्या सरासरी किमतीशी) पण करून दाखवा, पण मुद्दा तोच राहतो, की कागदावर निर्यात खुली असतानाही बहुतेक गिऱ्हाइकांसाठी ती बंद झाली होती.

तसंच मे २०२४ चं. "बंदी उठवली" अशी हेडलाइन आली, लोक खूश झाले. पण ५५० डॉलर म्हणजे किलोला साधारण ४६ रुपये, त्यावर ४० टक्के म्हणजे आणखी १८, एकूण ६४ रुपये बंदरातच. कोलंबोचा किंवा दुबईचा व्यापारी या भावाला पाकिस्तानचा, इजिप्तचा कांदा बघणार की नाही? हा असा तीन ओळींचा हिशोब कुठल्याही मॉडेलपेक्षा जास्त लोकांना पटतो, मंत्रालयातल्या माणसालाही आणि शेतकऱ्यालाही. पूर्ण वर्षाची निर्यात २०२३-२४ मध्ये १७ लाख टनांवर आली.

बंदी नसती तर काय झालं असतं

खरा अभ्यास हा आहे. बंदीनंतर भाव पडले, बरोबर, पण डिसेंबर-जानेवारीत लाल कांद्याची आवक दरवर्षीच वाढते आणि भाव दरवर्षीच उतरतात. मग त्यातलं किती बंदीमुळे आणि किती आवकेमुळे? आधी-नंतर अशी साधी तुलना केली तर सगळा दोष बंदीवर जातो आणि मंत्रालयातला कुणीही अर्थशास्त्री दोन मिनिटांत तुमचा रिपोर्ट बाजूला ठेवतो. आणि उलट बाजूनेही फसता येतं. बेस म्हणून फेब्रुवारी २०२३ घेतला तर बंदीचा काही परिणामच नाही असं दिसेल, कारण फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये भाव इतके कोसळले होते की राज्य सरकारला क्विंटलला ३५० रुपये अनुदान द्यावं लागलं, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत. कुठला महिना बेस धरलाय हे सांगत नाही त्या रिपोर्टवर मी विश्वास ठेवत नाही.

मग करायचं काय. बंदी नव्हती अशा वर्षांतला डिसेंबर ते एप्रिलचा भावाचा आकार काढा, आवक जोडून. २०१९ आणि २०२० ची वर्षं यातून वगळा, तेव्हा पण सप्टेंबरमध्ये बंदी आली होती, पहिली मार्च २०२० ला उठली आणि दुसरी १ जानेवारी २०२१ पासून. दुसरं, बंदी ज्याला लागू नव्हती असं काहीतरी शेजारी ठेवा. बटाटा म्हणा, किंवा निर्यातीशी फारसा संबंध नसलेल्या भागातला कांदा बाजार. बंदीआधी दोन्ही भाव साधारण सारखे हलत होते का हे आधी दाखवायचं आणि मग बंदीनंतर त्यांच्यातलं अंतर किती वाढलं ते मोजायचं, यालाच डिफरन्स-इन-डिफरन्स म्हणतात, नाव मोठं आहे, काम एक्सेलमध्ये होतं. तुलना परफेक्ट नसणारच, कारण नाशिकचा भाव पडला की इंदूरचा पण हलतो, तेव्हा "परिणाम निदान इतका असावा" अशी रेंज द्या. एकच नेमका आकडा दशांशासकट देणाऱ्याने आकड्याला जास्तच ओढलेलं असतं.

एक खड्डा खास सांगतो. २० सप्टेंबर २०२३ पासून नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, जवळपास दोन आठवडे. बंदीच्या घोषणेनंतरही काही ठिकाणी लिलाव थांबले. त्या दिवसांचे भाव डेटात नाहीतच. आणि लिलाव सगळ्यात वाईट दिवसांतच बंद पडतो, म्हणजे रिकाम्या जागा योगायोगाने आलेल्या नाहीत, त्या सरासरीने भरून टाकल्या तर शेतकऱ्याचं नुकसान कमी दिसतं. त्या जागा रिकाम्याच ठेवा आणि का रिकाम्या आहेत ते लिहा.

लासलगावला जा

घरात बसून इथवर येता येतं, पुढे नाही. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत, उमराणे, कुठेही जा पण सकाळी लिलाव सुरू व्हायच्या आत पोहोचा. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप ओळीत लागलेले असतात, बाजार समितीचा माणूस आणि त्याच्याबरोबर व्यापाऱ्यांचा घोळका एकेका गाडीपाशी येतो, कुणी मूठभर कांदा उचलून रंग, साइझ, पत्ती बघतो, बोली होते आणि एक मिनिटाच्या आत गाडी पुढच्याची. वर्षभराची मेहनत त्या एका मिनिटात ठरते. नंतर भुईकाटा, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली, तिथे बाया बसून निवड करतात, मोठा माल एकीकडे, गोल्टी एकीकडे.

इथे उभं राहिलं की एक गोष्ट कळते जी कुठल्याच डेटाबेसमध्ये नाही. ट्रॉलीवर लिहिलेलं नसतं की हा कांदा कोलंबोला जाणार आणि हा कानपूरला. बोली एकच. निर्यातदार खरेदीला उतरला नाही तर भाव सगळ्याच ट्रॉल्यांचा उतरतो. म्हणजे नुकसान मोजताना निर्यात होणारे टन गुणिले भावातली घट असं केलं तर मोठा भाग सुटून जातो, ज्याचा कांदा कधी देशाबाहेर गेलाच नसता त्यालाही तेवढाच फटका आहे. शुल्क सरकारच्या तिजोरीत फक्त निर्यात झालेल्या मालावर येतं, भाव मात्र सगळ्यांचा पडतो.

शेतकऱ्याशी बोलताना "गेल्या वर्षी काय भाव मिळाला" असं विचारू नका, माणसाला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट भाव लक्षात राहतो. हिशोबपट्टी दाखवाल का असं विचारा. त्यावर तारीख असते, वजन असतं, भाव असतो, हमाली-तोलाई-वाराईची कपात असते, हातात निव्वळ किती पडले ते असतं. बरेच जण पट्ट्या पिशवीत जपून ठेवतात. परवानगी घेऊन फोटो काढा, नाव झाका. वीस पट्ट्या मिळाल्या तरी अ‍ॅगमार्कनेटच्या सरासरीशी ताडून बघता येतं आणि तो भाव ट्रॉलीतल्या कुठल्या प्रतीच्या मालाचा आहे हे समजतं.

विचारायचं ते हे: चाळ आहे का, किती क्विंटलची, कांदा कधी काढला, विकला कधी, मध्ये घट किती झाली, सोसायटीचं कर्ज कधी भरायचं होतं. कारण यातच अभ्यासाचं खरं उत्तर आहे. ऑगस्टमध्ये शुल्क लागलं तेव्हा बाजारात उन्हाळी कांदा होता, चाळीतला. ज्याच्याकडे चाळ नाही त्याने तो एप्रिल-मेमध्येच पडत्या भावात विकून टाकलेला, त्याला ऑगस्टच्या शुल्काने फारसं काही झालं नाही, फटका बसला तो चार महिने सड आणि वजनघट सोसून थांबलेल्याला. डिसेंबरच्या बंदीत मात्र बाजारात लाल कांदा, तो टिकत नाही, काढला की विकावाच लागतो, थांबायचा मार्गच नाही. तोच सरकारी हेतू, पण मार खाणारा माणूस वेगळा. "शेतकऱ्यांचे नुकसान" असं एकत्र लिहिलं की ही दोन माणसं एकमेकांत मिसळून जातात आणि मग मदत ठरवताना ज्याला लागली त्याला पोचत नाही. म्हणून टेबलात हंगाम, चाळ आणि विक्रीचा महिना हे तीन रकाने हवेतच.

खळ्यावरच्या बायांना पण विचारा, निर्यात थांबली तेव्हा किती दिवस काम नव्हतं. गाडीवाल्याला विचारा. हे लोक कुठल्याही निवेदनात नसतात.

कुणाला फायदा झाला तेही लिहा

तुमची सहानुभूती शेतकऱ्याकडे असेल, माझीही आहे, पण ग्राहकाचा रकाना रिकामा सोडला तर रिपोर्ट निवेदन होतं. कांदा शहरातल्या गरीब घरात पण लागतो आणि २०१२ आधारवर्षाच्या सीपीआयमध्ये (ग्राहक किंमत निर्देशांकात) कांद्याचं वजन ०.६४ टक्के होतं, दिसायला कमी, पण भाव दुप्पट झाला की महागाईच्या आकड्यात लगेच दिसतं, म्हणून तर दिल्लीत पळापळ होते. ग्राहक व्यवहार विभागाचे किरकोळ भाव घ्या आणि बघा, घाऊक भाव दहा रुपये पडला तेव्हा किरकोळ किती पडला आणि किती दिवसांनी. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका वर्किंग पेपरमध्ये ग्राहकाच्या कांद्यावरच्या रुपयातला शेतकऱ्याचा वाटा ३६ पैसे असा अंदाज आहे. मधले ६४ पैसे वाहतूक, घट, आणि मार्जिन. बंदीचा फायदा ग्राहकापर्यंत पूर्ण पोचतो का मध्येच अडकतो, हा प्रश्न धोरण ठरवणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण निर्णय ग्राहकाच्या नावानेच घेतला जातो.

शुल्काचा भार कोण उचलतो हे पण सोप्या उदाहरणाने दाखवा. समजा बंदरात कांदा ३० रुपये, शुल्क १२. समोरच्या देशाला दुसरीकडून माल मिळत नसेल तर तो जास्तीचे आठ-नऊ रुपये देईल. मिळत असेल तर दोन-तीनच देईल, आणि उरलेले नऊ-दहा लिलावात वजा होतील. म्हणून त्या महिन्यात पाकिस्तान, चीन, इजिप्तचा कांदा बाजारात होता का हे तपासल्याशिवाय "परदेशी ग्राहक शुल्क भरतो" किंवा "शेतकरी भरतो" यातलं काहीच लिहायचं नाही.

मॉडेल, डब्ल्यूटीओ वगैरे

थोडक्यात सांगतो. एका मालाचा प्रश्न असेल तर पार्शियल इक्विलिब्रियम (फक्त त्याच एका बाजाराचं मॉडेल) पुरतं, विट्समध्ये स्मार्ट नावाचं तयार टूल आहे, पण ते आयात शुल्कासाठी केलेलं आहे हे लक्षात ठेवा. देशादेशांतला व्यापार किती असायला हवा यासाठी ग्रॅव्हिटी मॉडेल. अख्ख्या अर्थव्यवस्थेचा करार असेल, एफटीए (मुक्त व्यापार करार) वगैरे, तर पर्ड्यू विद्यापीठाचं जीटॅप मॉडेल. कांद्याला जीटॅप लावू नका, त्यात कांदा वेगळा नसतो, भाजीपाला-फळांच्या एका गठ्ठ्यात असतो.

कायद्याच्या बाजूने एवढं पुरे: गॅट म्हणजे डब्ल्यूटीओचा (जागतिक व्यापार संघटनेचा) मालाच्या व्यापाराचा करार, त्याच्या कलम ११ प्रमाणे निर्यातीवर बंदी किंवा कोटा घालता येत नाही, पण खाद्यपदार्थांची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती चालते. निर्यात शुल्काला कलम ११ आडवं येत नाही. "तात्पुरती" आणि "गंभीर" हे शब्द तुमच्या आकड्यांनी तपासायचे असतात.

पार्श्वभूमी म्हणून ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची संघटना) आणि दिल्लीच्या इक्रिअर या संशोधन संस्थेचा २०१८ चा अभ्यास जरूर वाचा. २००० पासूनच्या सतरा वर्षांत भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या उणे १४ टक्के निघाला होता, म्हणजे खत, वीज, अनुदान सगळं धरूनही बाजार आणि निर्यातीवरच्या बंधनांतून गेलेलं जास्त होतं. अनुदानाची चर्चा करताना हा आकडा समोर असावा असं मला मनापासून वाटतं.

शिफारस कशी लिहायची

"निर्यातबंदी करू नये" एवढं लिहून मोकळं होऊ नका. भाव भडकले तर सरकारने काय करायचं याचं उत्तर तुम्ही दिलं नाही तर ते बंदीच घालणार, कारण ती एका रात्रीत घालता येते. दोन-तीन पर्याय द्या आणि प्रत्येकाची किंमत लिहा. उदाहरणार्थ, भाव ठरावीक पातळीच्या वर गेला तरच शुल्क आणि खाली आला की आपोआप बंद, हा नियम हंगामाआधी जाहीर. निदान तीस दिवसांची सूचना. शुल्कातून आलेला पैसा चाळींसाठी. बफरची खरेदी आणि विक्री कोणत्या भावाला, हे आधी सांगणं, २०२३ मध्ये बफर ३ लाखांवरून ५ लाख टन केला होता, तो बाजारात कधी उतरवला यावर शेतकऱ्याचं नशीब फिरतं.

सूचनेचा मुद्दा हलका घेऊ नका. सप्टेंबर २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत जाहीर कार्यक्रमात म्हणाल्या होत्या की आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मी आचाऱ्याला कांदा न घालता स्वयंपाक करायला सांगितलंय. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परत बंदी आली आणि महदीपूर, हिली, घोजाडांगा सीमेवर कांद्याचे ट्रक अडकून पडले. असं झालं की गिऱ्हाईक दुसरीकडे बघायला लागतं, स्वतः पिकवायला लागतं, आणि तो बाजार बंदी उठली म्हणून परत येत नाही. हे नुकसान मोजायला अवघड असलं तरी मोजा, पाच-सात वर्षांचा देशवार वाटा काढला की दिसतं.

काम घेताना

कन्सल्टिंगमध्ये टीओआर (टर्म्स ऑफ रेफरन्स, कामाची व्याप्ती लिहिलेला कागद) हाच तुमचा करार, तो शब्दशः वाचा. कुठला डेटा क्लायंट देणार, फील्डचा खर्च कोणाचा, ड्राफ्टवर किती वेळा कमेंट येणार, हे इन्सेप्शन रिपोर्टमध्ये (कामाच्या सुरुवातीच्या रिपोर्टमध्ये) लिहून घ्या. तिथेच मेथडवर सही घ्या, निकाल आल्यावर मेथडवर वाद नको. आणि हे तर पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा की निष्कर्ष क्लायंटच्या विरोधात गेला तरी बदलणार नाही. निर्यातदार संघटनेने पैसे दिले असतील तर पहिल्या पानावर तसं छापा. संघटनेचं हित आणि शेतकऱ्याचं हित बऱ्याचदा एका बाजूला असतं, पण नेहमी नाही, भाव पडल्यावर स्वस्तात खरेदी करून बंदी उठायची वाट बघणाराही निर्यातदारच असतो.

लिहिताना उत्तर पहिल्या परिच्छेदात. मग आकड्यांचं एक टेबल, मग हंगामवार कोणाला काय लागलं, मग पर्याय. मेथड शेवटी. मराठीत एक पानाचा सारांश करा आणि ज्यांच्या पट्ट्या घेतल्या त्यांना तो नेऊन द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तरी चालेल.

शिकायला पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट आहे, गोरेगावला आयजीआयडीआर, दिल्लीत आयआयएफटीचं डब्ल्यूटीओ स्टडीज सेंटर, आणि काहीच शक्य नसेल तर डब्ल्यूटीओचे आणि इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत. नोकरीच्या अर्जाला पण सर्टिफिकेटपेक्षा तुमचा एक केलेला अभ्यास जोडा. कांदा नको असेल तर द्राक्ष घ्या, कोड ०८०६१०, युरोपला जाणाऱ्या मालाच्या कीडनाशक अवशेषांच्या मर्यादा हा तितकाच मोठा विषय आहे आणि तिथे अजून बरंच काम बाकी आहे.